टेफ्लॉनची टेप, सिलिकाची पुडी

आधी दोन वस्तू घेऊन या. घाई नाही, मी थांबते.

एक, प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेप. घरात नसेल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. दुसरी वस्तू बहुतेक घरातच सापडेल. नव्या बुटांच्या खोक्यात, औषधाच्या बाटलीत, कॅमेऱ्याच्या बॅगेत पडून राहिलेली ती पुडी, जिच्यावर 'खाऊ नये' असं इंग्रजीत दटावलेलं असतं. आत खडीसाखरेच्या कणांसारखे पारदर्शक मणी असतील तर ठीक. निळे असतील तर ती पुडी राहू दे; त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो हाताळायला नको. शेवटी वाटीभर पाणी. आणि आता बसा.

टेपपासून सुरुवात करू. वीतभर तोडून अंगठा आणि तर्जनीत धरा, हलकेच सरकवा. तेलकट नाही, मेणचट नाही, ओलीही नाही. तरी बोटाखालून निसटते. बोटाला काही लागत नाही आणि बोटाचं तिला काही लागत नाही. आता ती दोन्ही टोकांनी सावकाश ओढा. रुंदी कमी होते, पांढरा रंग विरळ होतो, आणि उजेडासमोर धरलीत तर आत आडवेउभे बारीक तंतू दिसतात, जुन्या मलमलीसारखे. हे तंतू लक्षात ठेवा, पुढे ते आपल्याला त्रास देणार आहेत.

टेपवर पाण्याचा एक थेंब सोडा. पसरत नाही. गोळा होऊन बसतो, पाहुण्यांच्या घरात अंग चोरून बसलेल्या मुलासारखा. पाण्याला तिथे पाय टेकायला जागाच मिळालेली नाही.

असं का, हे डोळे मिटून पाहायचं. कार्बनच्या अणूंची एक लांबच लांब साखळी मनात आणा. प्रत्येक कार्बनला दोन फ्लोरिन चिकटलेले. फ्लोरिन हायड्रोजनहून जाडा, त्यामुळे शेजारशेजारचे फ्लोरिन एकमेकांना खेटतात आणि साखळीला पीळ पडतो. सुंभाला असतो तसा, पण फार सैल. त्या पिळाच्या बाहेरून बघितलं तर कार्बन कुठेच दिसत नाही. सगळीकडे फ्लोरिनचं म्यान. आणि फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन असे घट्ट धरून बसतो, की जवळून जाणाऱ्याला त्यातला एकही उसना मिळत नाही. पॉलिटेट्राफ्लोरोइथिलीन हे त्याचं लांबलचक नाव. आपण टेफ्लॉन म्हणू, बाजार म्हणतो तसं.

टेप खाली ठेवा. पुडी फोडा.

चार मणी तळहातावर घ्या. गुळगुळीत, काचेसारखे, आणि काचेचेच म्हणायचे: सिलिकॉन आणि ऑक्सिजन, वाळूतलीच जोडी. आता तळहाताच्या ओलीकडे लक्ष द्या. मणी किंचित चिकटतात, त्वचेवरचा दमटपणा ओढून घेतात. पुडी फार दिवस उघडी राहिलेली नसेल तर एक मणी पाण्यात टाकून कान लावा. तड्. मग अजून एक, तड् तड्. फोडणीत मोहरी पडावी तसा, पण फार दबका आवाज. पाणी आत घुसतं, आतली हवा कोंडते, मण्याला भेगा जातात आणि डोळ्यांसमोर त्याचे तुकडे होतात.

पाणी आत घुसतं म्हणजे कुठे? त्या एवढ्याशा मण्याच्या आत भिंतीच भिंती आहेत. अशा सिलिकाचा एक ग्रॅम घेतला, चिमूटभर, आणि आतल्या सगळ्या पोकळ्यांच्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या, तर पाचशे-सातशे चौरस मीटर भरतात. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 गुणिले 10 मीटरचं असतं. म्हणजे तळहातावर चार-पाच मैदानं. आणि त्या मैदानांवर, एका चौरस नॅनोमीटरला चार-पाच या हिशोबाने, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या आहेत, हात पुढे करून. पाणी आलं की त्याला धरतात. त्या हातांना काम लागतं. पाणी नसेल तर ते हात एकमेकांनाच धरून ठेवतात.

एका बाजूला कुणालाच हात न देणारा, दुसऱ्या बाजूला येईल त्याचा हात धरणारा. मी आयुष्यातली बरीच वर्षं या दोघांना एकत्र आणण्यात घालवली. लग्न जुळवणारी माणसं हसतील, पण पत्रिका पाहिली असती तर मी या भानगडीत पडले नसते.

जरा थांबा. श्वास जाऊ-येऊ द्या. आणि 1938च्या एप्रिलमध्ये चला.

6 एप्रिल, न्यू जर्सीतलं डीपवॉटर, ड्यूपाँट कंपनीची जॅक्सन प्रयोगशाळा. रॉय प्लंकेट सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला फ्रिजसाठी नवा थंड करणारा वायू करायचा आहे, आणि त्यासाठी लागणारा टेट्राफ्लोरोइथिलीन त्याने छोट्या नळकांड्यांत भरून सुक्या बर्फावर ठेवलाय. सकाळी त्याचा मदतनीस जॅक रीबॉक झडप उघडतो. काही येत नाही. वायू संपला? मग नळकांडं वजन करून बघतात. वजन तेवढंच.

इथेच रेंगाळायचं. दहातली नऊ माणसं हे नळकांडं बाजूला टाकून दुसरं उचलतील. झडप खराब असेल, वायू गळला असेल, वेळ जातोय. पण वजन तेवढंच असेल तर वायू गेला कुठे? त्यांनी नळकांडं करवतीने कापलं. आत निसरडी पांढरी पूड होती. वायूचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट झाले होते, कुणी न सांगता. ती पूड कशातच विरघळेना, आम्लांना जुमानेना. आपल्या टेपची ही जन्मकथा. मला त्यात पुडीपेक्षा तराजू जास्त आवडतो.

आता प्रश्न. इतकं निर्लेप, इतकं स्वयंपूर्ण द्रव्य हातात असताना त्यात वाळू कालवायची गरज कुणाला पडली?

डोळे मिटून मीटरभर लांबीची टेफ्लॉनची दांडी मनात उभी करा. तिला 50 अंश तापवा. ती पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढेल. शेजारी शुद्ध सिलिकाच्या काचेची दांडी ठेवा. ती वाढेल मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि मध्ये तांब्याची दांडी, ती वाढते मिलिमीटरभराच्या आत-बाहेर. रडारची किंवा मोबाइलच्या मनोऱ्याची जी सर्किटं असतात, त्यांच्या पाट्या टेफ्लॉनच्या करतात, कारण फार जलद थरथरणारी विद्युतलहर त्यातून जवळजवळ न थकता जाते. पण पाटीवर तांबं असतं, पाटीला आरपार भोकं असतात आणि भोकांच्या आत तांब्याचं अस्तर. दिवसभर यंत्र तापतं, रात्री निवतं. टेफ्लॉन फुगतं, आकसतं, फुगतं. अस्तर तेवढं ताणलं जात नाही. एक दिवस तडकतं. बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून सिलिका. थोडीथोडकी नाही, वजनाने निम्म्याहून जास्त. टेफ्लॉनचं फुगणं आणि सिलिकाचं अजिबात न फुगणं यांचं मिश्रण असं बेतायचं की ते तांब्याच्या चालीने चालेल. 1989च्या एका अमेरिकन पेटंटात हा हिशोब नीट मांडलेला आहे: सिलिकासारखी भुकटी किमान 55 टक्के, आणि प्रत्येक कणावर सिलेनचा पातळ थर. त्या थराकडे आपण येणारच आहोत.

आधी नुसतं मिसळून पाहा. म्हणजे मनातल्या मनात. मी हातांनी केलंय.

टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. वितळतं, पण वाहत नाही. पारदर्शक होतं आणि आहे त्या आकारात ढिम्म राहतं. त्याच्या साखळ्या इतक्या लांब आहेत की एकमेकींतून सुटून वाहणं त्यांना जमत नाही. त्यामुळे पॉलिथिनसारखं वितळवून, त्यात भुकटी घालून, ढवळून साच्यात ओतायचं, ही सोय नाही. कुंभारासारखं काम करावं लागतं. थंड पूड साच्यात दाबायची, मग भट्टीत 360-380 अंशांना भाजायची. जे काही मिसळायचं ते पूड कोरडी आणि थंड असतानाच.

आमच्याकडे एक भला मोठा मिक्सर होता. मे महिना, दुपार, पंखा गरम हवा ढकलतोय. मी टेफ्लॉनची मऊ पूड आणि सिलिकाची भुकटी त्यात घालून बटण दाबलं. पाच मिनिटांनी झाकण उघडलं तर आत सुतरफेणी. खरंच, दिवाळीच्या ताटातली वाटावी अशी, पांढऱ्या बारीक तंतूंचे गोळे, आणि त्या गोळ्यांच्या बाहेर सगळी सिलिका जशीच्या तशी. तेच तंतू, टेप ओढल्यावर दिसलेले. या पुडीचे कण एकमेकांवर नुसते घासले तरी त्यांतून साखळ्या ओढल्या जातात आणि धागे निघतात.

भांडार सांभाळणारे काका दारात उभे राहून बघत होते. त्यांना पॉलिमरमधलं काही कळत नव्हतं, पण या पुडीची पिंपं पंधरा वर्षं तेच उतरवून घेत होते.

"मॅडम, ही पिंपं थंड खोलीत का ठेवायला सांगतात, बघितलं का कधी?"

नव्हतं बघितलं. 19 अंशांखाली टेफ्लॉनचा पीळ थोडा वेगळा असतो. तेरा कार्बनमागे ठरावीक फेरे, घट्ट, शिस्तीत. 19 ओलांडलं की पीळ किंचित सैल होतो, पंधरा कार्बनवर जातो, पदार्थ एकदम टक्काभर फुगतो, आणि साखळ्या एकमेकींवरून सरकायला मोकळ्या होतात. म्हणून ही पूड 19 अंशांखाली ठेवायची, 19 अंशांखालीच हलवायची. आपल्याकडच्या मेमध्ये ते कुठून होणार! काका म्हणाले, "डिसेंबरात करा, नाहीतर एसी लावा." एसीचा अर्ज मंजूर होईपर्यंत डिसेंबर आला.

याच तंतूंनी दुसऱ्या कुणाचं मात्र भलं केलंय. 1969मध्ये बॉब गोर तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या सावकाश, काळजीपूर्वक ओढत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक हिसका दिला, आणि कांडी न तुटता कित्येक पट लांबली. त्यातूनच पाऊस अडवणारं आणि घाम जाऊ देणारं कापड आलं. मनन सावकाश करावं म्हणतात. हा पदार्थ कधीकधी हिसक्यालाच दाद देतो, हेही ध्यानात असू द्यावं.

तर डिसेंबर. पूड थंड, मिश्रण एकजीव दिसतंय, दाबलं, भाजलं. वडी हातात आली. करवतीने कापून भिंगाखाली धरली. प्रत्येक सिलिकाच्या कणाभोवती एक बारीक काळी रेघ. रेघ म्हणजे फट. टेफ्लॉन कणाला वेढा घालून बसलं होतं, पण शिवलं नव्हतं. आणि ती वडी दमट हवेत ठेवली की वजन वाढायचं. टेफ्लॉन पाणी पीत नाही, मग कोण पितं? फटींतून आत शिरलेली हवा आणि सिलिकाचे ते पुढे केलेले हात. पाण्याचा विद्युत-गुणांक 80च्या आसपास, टेफ्लॉनचा 2.1. लहरीच्या वाटेत असं पाणी साचलं की पाटीचं सगळं गणित बिघडतं.

ते पुढे केलेले हात पुन्हा मनात आणा. त्यांना रिकामं ठेवायचं नाही, पाण्याच्याही हाती द्यायचं नाही. इथे सिलेन लागतं. हा एक लहान रेणू आहे. त्याच्या एका टोकाला सिलिकॉन असतो, तीन सोडवता येणाऱ्या गाठींसकट. दुसऱ्या टोकाला शेपूट. पाण्याचा अंश मिळाला की गाठी सुटतात, अल्कोहोल उडून जातं, आणि ते टोक सिलिकाच्या हातांत कायमचं गुंतून बसतं. आता कणाच्या पृष्ठभागावर हातांऐवजी शेपट्यांचं गवत उगवलंय. शेपूट फ्लोरिनचं असेल तर टेफ्लॉनला ते परकं वाटत नाही. बंध तरीही होत नाही. टेफ्लॉन कुणाशी बंध करतच नाही. पण फट मिटते, पाणी बाहेर राहतं. दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवला, एवढंच झालं. पुष्कळ झालं.

आता पाठ सरळ करा, खांदे सैल सोडा. इथवर आपण दोन तयार पदार्थ घेतले आणि ते एकमेकांना जमवून घेतील असं पाहिलं. आता यातला एक पदार्थ तयार नाही असं समजा. तो अजून व्हायचाय.

एक लहान काचेची बाटली. तीत टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, नावाने दबू नका, पाण्यासारखा स्वच्छ द्रव आहे. सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्याभोवती अल्कोहोलची चार पिसं. यात पाणी ओतलं तर दोन थर होतात, मिसळत नाहीत. म्हणून मध्ये थोडं अल्कोहोल. मग आम्लाचा एक थेंब. ढवळा. सगळं स्वच्छ. काहीच घडत नाहीये असं वाटतं. बाटली खिडकीत ठेवा.

तासाभराने कलवून बघा. वाहतंय. संध्याकाळी कलवा. वाहतंय. दुसऱ्या दिवशी किंचित जड, पातळ मधासारखं. आणि मग एका फेरीला तुम्ही बाटली कलवता आणि आतली पातळी कलतच नाही. बाटलीबरोबर ती तिरकी होते. तेवढंच पाणी, तेवढंच अल्कोहोल, रंग तोच, पण मधल्या कुठल्यातरी क्षणी सिलिकाची जाळी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली. तो क्षण मी कधीच पाहिलेला नाही. इतकी वर्षं केलं, नेहमी त्याच्या आधी तरी पोचले नाहीतर नंतर.

फ्रान्समध्ये एबेलमनने 1846मध्ये हेच पाहिलं होतं: सिलिकॉनचं असं संयुग दमट हवेत ठेवलं तर हळूहळू त्याची काच होते, भट्टी न लावता. पुढे शंभर वर्षं या गोष्टीचं फारसं कुणी काही केलं नाही. आणि जेल झाल्यावरही घाई चालत नाही. झाकण उघडं टाकलं तर पाणी-अल्कोहोल उडताना बारीक छिद्रांच्या भिंतींना असं ओढतं की सगळं चिरफळतं. म्हणून झाकणाला सुईने चार भोकं पाडायची आणि आठवडाभर विसरून जायचं. विसरता येणं हा यातला अवघड भाग.

हीच बाटली आता एका पातळ, पारदर्शक पडद्याच्या आत आहे अशी कल्पना करा.

त्या पडद्याचं नाव नॅफिऑन. 1960च्या दशकात ड्यूपाँटमध्ये वॉल्थर ग्रोटने तो घडवला. कणा टेफ्लॉनचाच, पण ठरावीक अंतराने फांद्या, आणि फांदीच्या टोकाला तीव्र आम्लाचा गट. कणा पाण्याला नको म्हणतो, टोक पाण्यासाठी आसुसलेलं. एकाच साखळीत दोन्ही, त्यामुळे आत वेगळंच घर तयार होतं: आम्लाची टोकं पाण्याभोवती गोळा होऊन चारेक नॅनोमीटरच्या ओलसर खोल्या करतात, आणि खोल्यांना जोडणाऱ्या बोळी त्याहूनही अरुंद. हायड्रोजनचे धन कण या खोल्या-बोळींतून पलीकडे जातात. मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा काढणारे कारखाने आणि हायड्रोजनवर वीज करणारे इंधनघट अशा पडद्यांवर चालतात. पण पाणी आटलं की वाट बंद. 80 अंशांपर्यंत निभतं, शंभराच्या वर पडदा सुकतो.

मिसिसिपीतल्या विद्यापीठात केनेथ मॉरित्झ यांच्या गटाने 1990च्या दशकात काय केलं, ते अगदी सावकाश मनात आणा. पडदा पाणी-अल्कोहोलमध्ये भिजवला, खोल्या फुगल्या. मग तो बाटलीतला द्रव आत झिरपू दिला. आम्लाचा थेंब टाकायची गरजच नव्हती. आम्ल खोलीच्या भिंतीतच होतं. सिलिका खोलीतच जन्मली, खोलीएवढीच वाढली आणि तिथेच राहिली. बाहेरून ढकललेला कण पडद्याला फाडतो. हिने फाडण्यासारखं काहीच नव्हतं, भिंतींनीच तिला आकार दिला होता. दुभाषीही लागला नाही.

इटलीत मेसिनाला 1990च्या दशकाच्या अखेरीस आरिको आणि सहकाऱ्यांनी नॅफिऑनमध्ये केवळ 3 टक्के सिलिका घेऊन मेथेनॉलवरचा इंधनघट 145 अंशांपर्यंत चालवला. त्यांनी भुकटी द्रावणात मिसळून पडदा ओतला होता, म्हणजे वाट वेगळी, पण काम तेच: सिलिकाचे हात पाणी धरून बसतात. यात सुधारणा करायची म्हणजे सिलिका वाढवायची, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटलं होतं. जास्त झाली की बोळी तुंबतात आणि पडदा पापडासारखा मोडतो. मी मोडलेल्या पडद्यांचा एक डबाच ठेवला होता.

आता हेच उलटं करून बघा. पडद्यात सिलिका वाढवली, तसं सिलिकात पडद्याचं द्रव्य अडकवलं तर? नॅफिऑनचे नुसते मणी आम्ल-उत्प्रेरक म्हणून वापरतात. पण एका ग्रॅम मण्यांचं अंग किती उघडं? 0.02 चौरस मीटर. एका लहान फुलक्याएवढं. बाकीचं सगळं आम्ल आत कोंडलेलं, कुणाच्या उपयोगाचं नाही. 1996मध्ये ड्यूपाँटच्या मार्क हार्मर आणि सहकाऱ्यांनी नॅफिऑनचं द्रावण सिलिकाच्या त्या स्वच्छ द्रवात मिसळलं आणि जेल होऊ दिलं. 20 ते 60 नॅनोमीटरचे नॅफिऑनचे कण सच्छिद्र सिलिकात अडकून राहिले. उघडं अंग झालं ग्रॅमला 150 ते 500 चौरस मीटर. फुलक्याचं कबड्डीचं मैदान. काही अभिक्रियांत वजनाला वजन धरून शंभरपटीपर्यंत काम मिळालं. नॅफिऑन नवं केलं नव्हतं, वाढवलंही नव्हतं. होतं तेच मोकळं करून अंथरलं होतं.

थोडा वेळ काहीच विचार करू नका. टेपवरचा थेंब अजून आहे का बघा.

श्रावणात परसात अळू असेल, तर त्याच्या पानावरचा थेंब तुम्ही पाहिलाच आहे. टिकत नाही त्या गोष्टीला आपण अळवावरचं पाणी म्हणतो. टेपवरच्या थेंबापेक्षा तो कितीतरी गोल. सपाट टेफ्लॉनवर थेंबाचा कोन 110 अंशांच्या जवळपास जातो. फ्लोरिनचं सगळ्यात कडेकोट सपाट पृष्ठ केलं तरी 120च्या पुढे नाही. अळू 150च्या वर. त्याच्याकडे फ्लोरिन आहे का? कणभरही नाही. आहे ते मेण आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, खाली हवा. म्हणजे 120च्या पुढची मजल रसायनाची नाहीच, ती उंचसखलपणाची. फ्लोरिन आणि सिलिका एकत्र आणणाऱ्या लेपांत सिलिकाचं दुसरं काम हेच: लाखो बारीक टेकड्या उभ्या करायच्या.

मग फ्लोरिन हवाच कशाला? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेत सिलिकाच्या हातांच्या जागी साधे मिथाइल गट ठेवून पाणी झिडकारणारे, शिवाय वाकणारे एरोजेल (आतला द्रव जाऊन हवा उरलेले जेल) केले गेले. 2006मध्ये त्यावर त्यांचा निबंध आहे. फ्लोरिनविना. माझं मत विचाराल तर, पाण्यापुरतं हे पुरेसं आहे, आणि भिंतीच्या रंगात किंवा छत्रीत फ्लोरिन घालणं हा निव्वळ आळस. पण अळवाच्या पानावर गोडेतेलाचा थेंब सोडून बघा. पसरतो. तेलाला मेण आपलंसं वाटतं. तेल झिडकारायचं असेल तर फ्लोरिनला पर्याय फार थोडे. 2007मध्ये एमआयटीत तेल झिडकारणारे पृष्ठभाग केले, तेव्हा त्यात एक देखणा रेणू होता: आठ कोपऱ्यांवर सिलिकॉन, बारा कडांवर ऑक्सिजन, वाळूचा जणू सगळ्यात लहान पिंजरा; आणि प्रत्येक कोपऱ्यातून निघालेलं फ्लोरिनचं शेपूट. एकाच रेणूत दोघं. मी त्याचं चित्र बराच काळ टेबलासमोर लावलं होतं.

मग काढलं. कारण शेपटं.

टेफ्लॉनची लांब साखळी कुणाच्या शरीरात शिरून काही करत नाही. पण ती करताना मदतीला घेतलेली, आठ कार्बनची, एका टोकाला आम्ल असलेली छोटी शेपटं पाण्यातून जातात आणि रक्तात राहतात. त्यांतल्या एकाला, पीएफओएला, 2019मध्ये स्टॉकहोम कराराने बंदीच्या यादीत घातलं. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनोला अशी संयुगं करणारा कारखाना होता. 2013मध्ये तिथल्या भूजलात ती सापडली, 2018मध्ये कारखाना दिवाळ्यात निघाला. त्याची यंत्रं विकत घेतली गेली आणि समुद्रमार्गे आली ती आपल्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. जे बंध जुळवताना आम्ही त्यांची मजबुती मिरवली, तीच मजबुती पाण्यात गेल्यावर कुणाला तोडता येत नाही. लोट्याला जाताना घाटाखाली खाडी दिसते. मी एकदा तिथे गाडी थांबवून बराच वेळ उभी होते. मचव्यातल्या माणसाने विचारलं, "कुणाकडे आलात?" मला सांगता येईना.

आता डोळे उघडा.

वाटीतले मणी बघा. तडकून त्यांची कणी झाली असेल. पाणी ओतून द्या, कणी कुंडीत टाका. वाळूच आहे ती, मातीला नवी नाही. टेपवरचा थेंब टिपून घ्या. खाली टेप कोरडी असेल, मघाशी होती तशी. तिचा तुकडा कुंडीत टाकू नका. नळाचा वॉशर बदलायचा असेल तर वापरून टाका. माझ्याकडचा अजून टेबलावर आहे.